पंखा त फिरून रायला

"पंखा त फिरून रायला ना भाऊ," धकातेबाई म्हणाल्या,
"मंग पावर सप्लाय खराब कसा राहीन?"

इतवारीत, भांड्यांच्या ओळीमागे माझं दुकान.
मे महिन्यात दुपारी पेचकसही हाती धरवत नाही.
त्यांनी डबा ऑटोतून आणला, मांडीवर,
जुन्या ओढणीत गुंडाळून.
शेजारचा कूलर लागला की
हा बसल्या जागी विझतो, मग आपोआप उठतो.
लग्नपत्रिका अर्ध्या राहतात.
काल तेरवीची तीनदा टाईप केली, तीनदा गेली.
"मेला माणूस तीनदा मेला," म्हणाल्या,
आणि हसू आवरत पदराने घाम पुसला.

मी आधी वास घेतो.
हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.
जाळीला नाक लावलं की धूळ, तापलेलं वार्निश,
आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी,
शिळ्या मासळीसारखं काहीतरी.

मग सप्लाय सगळ्यांपासून सोडवायचा,
हिरवी तार काळीला यू-पिनने जोडायची.
पंखा फिरतो.
बाई माझ्याकडे बघतात, जिंकल्यासारख्या.
मीटर पिवळीवर लावला: बारा पूर्णांक एक.
लालवर पाच, बरोबर पाच.
डोक्यावर ओझं नसताना
कोणीही ताठच उभं राहतं.

खोक्यात स्कूटरचा एक हेडलाईट आहे, पस्तीस वॅटचा.
बाबांनी स्कूटर भंगारात दिली तेव्हा
मी तेवढाच मागून घेतला होता.
तो पिवळीवर टांगला.
उजेड पडला, आजारी, हळदीच्या पाण्यासारखा,
आणि आकडा उतरू लागला
अकरा चार
दहा नऊ
दहा दोन
पंखा अजून फिरतच होता.

मोठा कपॅसिटर आधी बल्बावर रिकामा केला,
मगच बोटं आत घातली.
चार जणांची डोकी पुरीसारखी फुगलेली,
एकाच्या बुडाशी तपकिरी डिंक सुकलेला.
बाई वाकून म्हणाल्या, "हे त दोन वर्साचं दुखनं दिसते."

आता खरं काम.
ह्याच्या हाताखाली राहून मेलं कोण,
आणि नुसतं उपाशी कोण?
नवा सप्लाय जोडून एकेकाला हाक मारायची.
बोर्डाने एक बीप दिली.
पुढचे दोन यूएसबी गेलेत, ते गेलेतच.
हार्डडिस्क, जी टक टक करत दार वाजवत बसायची,
पोटभर बारा व्होल्ट मिळताच गुमान फिरू लागली;
लिहिता लिहिता वीज गेली त्या जागा मात्र
तिला आता वाचता येत नाहीत.

आणि रॅम.
मागच्या दिवाळीत हीच मशीन, निळा पडदा.
मी तेव्हा रॅम बदलली होती,
अठराशे घेतले होते.
जुनी काढलेली ड्रॉवरमध्ये सापडली,
वर चिकटपट्टी: धकाते, खराब.
अक्षर माझंच.
रात्रभर तिची तपासणी लावून मी दुकानातच आडवा झालो.
सकाळी पडद्यावर चुकांच्या रकान्यात
शून्य.

बाई दहाला आल्या. मी सांगितलं.
"मंग तवा?"
"तवा मलेही पंखाच दिसला."

त्या बराच वेळ चिकटपट्टीकडे पाहत राहिल्या.
अठराशे मोजून घेतले, दोनदा,
त्यातून सप्लायचे साडेनऊशे माझ्यापुढे ठेवले.
"खराब" नखाने खरवडून पाहिलं.
निघालं नाही, गोंद पक्का.
मग खुर्ची ओढून चौथ्यांदा टाईप करायला बसल्या,
चष्मा नाकावर, एका बोटाने.

मधेच शेजारचा कूलर घरघरला.
ट्यूबलाईट पिवळी पडली, परत आली.
आमचे दोघांचेही श्वास अडकले.
पडद्यावर कै. डोमाजी निनावे
होते तिथेच होते.